भ्रष्टाचाराचे सिनेमे भरपूर, तपासाचे किती? (वाचनालयासाठी तीन चित्रपट सुचवा)

कातळसडा

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात यंदा भातलावणी उरकल्यावर शनिवारी संध्याकाळी सिनेमा दाखवायचं घाटतंय. विषय ठरलाय: कंपन्या आणि पुढारी यांच्या संगनमताचा छडा लावणारे चित्रपट. तीन निवडायचे आहेत.

यादी करायला बसलो आणि एक गोष्ट खटकली, ती इथे मांडतो. भ्रष्टाचार दाखवणारे सिनेमे आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. मंत्री, बिल्डर, नोटांची बॅग, फार्महाउसवरची बैठक. पण हे उघडकीला कसं आलं, कोणता कागद कुणी कुठून काढला, दोन कागदांचा मेळ बसत नाही हे कुणाच्या ध्यानात आलं, ते पडद्यावर जवळपास नसतंच. नायकाच्या हाती आयता पेन ड्राइव्ह लागतो आणि मध्यंतर होतं. असा सिनेमा बघून माणूस नुसता चिडतो. आमच्या भागात अणुऊर्जा आणि रिफायनरी प्रकल्पांच्या वादात माडबन झालं, नाणार झालं, बारसू झालं. चिडायला आम्हाला सिनेमाची गरज नाही. कागद कसा वाचायचा हे लोकांना बघायला मिळालं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तर तपास खरोखर दाखवणारे चित्रपट सुचवा. भाषा कोणतीही चालेल. माझं म्हणणं पटत नसेल तर तेही लिहा.

निळाई

वाचतेय. विषय फार आवडला.

सुरंगी

'सिंहासन' (१९७९) पहिला घ्या. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. त्यातला पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले, मंत्रालयापासून चाळीपर्यंत सगळीकडे फिरतो. कोण कुणाला कशासाठी धरून आहे हे त्याला स्वच्छ दिसतं. आणि शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो.

म्हणूनच मला तुमचं म्हणणं अर्धंच पटतं. दिगूला कागद वाचता येत नव्हता असं थोडंच आहे? त्याला सगळं कळलं होतं. कळल्यावर पुढे काय, या प्रश्नाने त्याचा घास घेतला. कागद वाचायला शिकवलंत तरी तो प्रश्न तुमच्या गावात उभा राहणारच आहे.

खाजणवाट

माझा पूर्ण विरोध. अडीच तास कागद बघायला कोण येणार? आमच्या गावच्या नाटकात नुसता शिरस्तेदार बोलायला लागला तरी माणसं तपकीर काढायची. सिनेमाला माणूस लागतो, त्याची भीती लागते, घरच्यांशी त्याचं होणारं भांडण लागतं. कागद शिकवायचा असेल तर शिबिर घ्या, सिनेमा कशाला बदनाम करता?

गजालीकार

खाजणवाटबुवा, शिबिर ठेवलास तर तू तरी येतलस काय? पिच्चर आसा म्हटल्यावर निदान कांदाभजी खाऊक तरी माणसा जमतली. जमल्यावर दार लावून घेवचा आणि सातबारो काढूचो.

कातळसडा

गजालीकार, योजना तीच आहे, तुम्ही आधीच फोडलीत. :)

खाजणवाट, माणूस हवाच. पण 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' (१९७६) बघितला असेल तर आठवा. दोघे वार्ताहर ग्रंथालयात बसून पुस्तकं मागणीच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे चाळताहेत आणि कॅमेरा वर वर जातोय, घुमटापर्यंत. ती दोन माणसं ठिपक्याएवढी होतात. त्या प्रसंगात चिठ्ठ्यांखेरीज काही नाही, तरी मी श्वास रोखून बसलो होतो.

चोपडी_खातं

मी चिपळुणात हिशेब तपासणीचं काम करतो, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. कागदात नाट्य नसतं हे खाजणवाट यांचं म्हणणं मला मान्य नाही. कागदातलं नाट्य तारखांमध्ये असतं.

उदाहरण घ्या. गावात प्रकल्प येणार ही घोषणा एका दिवशी होते. त्याच्या आधीच्या वर्ष-दोन वर्षांचे फेरफार काढा, म्हणजे जमिनीच्या हक्कांत झालेल्या बदलांच्या नोंदी, गाव नमुना सहा. वर्षानुवर्षं वारसनोंदींपलीकडे हालचाल नसलेल्या कातळावर एकदम खरेदीखतांची रांग लागलेली दिसते. घेणारे तालुक्याबाहेरचे, कधी राज्याबाहेरचे. मग दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या खताचा गोषवारा, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, ती लावून बघा. किंमत किती दाखवली, कुलमुखत्यार, म्हणजे मालकाच्या वतीने सही करणारा, कोण, साक्षीदार कोण. साक्षीदाराच्या जागी तीच दोन नावं पुन्हा पुन्हा यायला लागली की समजायचं, इथे कुणीतरी आधीच नकाशा बघितलाय.

एवढी घाई का, तेही कायद्यातच आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव ठरवताना मागच्या तीन वर्षांतली खरेदीखतं बघतात आणि त्यातल्या चढ्या किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी धरतात. ग्रामीण भागाचा गुणक आणि शंभर टक्के दिलासा रक्कम धरून मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जातो. घोषणेआधी कवडीमोलाने घेतलेली जमीन घोषणेनंतर काय देते, हे आता तुम्हीच मांडा. बारसू-सोलगाव भागात बाहेरच्यांनी आधीच जमिनी घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्या या नजरेने परत वाचा.

आणि माणूस हवा ना? तोही इथेच आहे. फेरफार धरला की तलाठी नमुना नऊची नोटीस काढतो, हरकतीला पंधरा दिवस असतात. सामाईक सातबारावर सोळा नावं, त्यातली अकरा मुंबईत. नोटीस गावच्या बंद घराच्या पत्त्यावर. लालबागेतल्या चुलतभावाला कळतं तेव्हा नोंद प्रमाणित होऊन गेलेली. गणपतीला सगळे एकत्र जमतात तेव्हा त्या पडवीत जे काही होतं, त्याहून मोठा प्रसंग कोणत्या पटकथाकाराला हवाय?

निळाई

चोपडीखातं दादा, हा प्रतिसाद छापून वाचनालयाच्या फळ्यावर लावण्यासारखा आहे.

खाजणवाट

पडवीतला प्रसंग मान्य. तो लिहा, मी तिकीट काढून येतो.

आबलोलीकर

गुहागरच्या बाजूचा आहे, म्हणून दाभोळच्या वीजप्रकल्पाबद्दल लिहितो. तो उभारणाऱ्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीवर मराठीत मोठा कथापट का नाही, हे कोडं मला उलगडत नाही. तपासपटाला लागणारं सगळं साहित्य तिथे आहे आणि त्यातलं बहुतेक छापील आहे.

जून १९९२ मध्ये कंपनीची माणसं आली आणि काही दिवसांत सामंजस्य करार. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने लेखी कळवलं की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही. तरी डिसेंबर १९९३ ला वीजखरेदी करार झालाच. १९९५ मध्ये सरकार बदललं आणि ऑगस्टमध्ये करार मोडीत निघाला. 'अरबी समुद्रात बुडवू' म्हणणाऱ्यांचंच ते सरकार. काही महिन्यांत पुन्हा वाटाघाटी, आणि १९९६ मध्ये नवा करार: पहिला टप्पा ७४० मेगावॉट, दोन्ही मिळून २१८४. म्हणजे बुडवायला निघालेला प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन वर आला! मे १९९९ ला वीज सुरू झाली, २००१ मध्ये माधव गोडबोले समिती बसली, राज्य वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं, आणि २ डिसेंबर २००१ ला अमेरिकेत कंपनीच दिवाळखोरीत गेली.

यातला एक प्रसंग मी कधीही विसरणार नाही. कंपनीच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी १९९५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की भारतीयांना या प्रकल्पाबाबत 'शिक्षित' करण्यावर दोन कोटी डॉलर खर्च केले. ही कुणी फोडलेली माहिती नव्हे, त्यांनी स्वतः दिलेली साक्ष आहे. ते शिक्षण कुणी घेतलं, हा प्रश्न घेऊन एक वार्ताहर वेलदूरच्या जेटीपासून निघतो आणि मंत्रालयापर्यंत जातो. झाला की सिनेमा.

वेलदूर, अंजनवेल, रानवी इथल्या लोकांनी विरोध केल्यावर काय सोसलं त्यावर मानवी हक्कांचं काम करणाऱ्या ॲम्नेस्टीने १९९७ मध्ये आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये अहवाल काढले. जून १९९७ मध्ये पहाटे पोलिसांनी वेलदुरात शिरून बायकांना घराबाहेर ओढून नेल्याचं त्यात सविस्तर आहे. जगाने नोंद घेतली. आपल्या पडद्याने का घेतली नाही?

मधली_आळी

एक वेगळा सूर लावतो, रागवू नका. असे सिनेमे बघून बघून लोकांचं मत असं होतं की कोणताही प्रकल्प म्हणजे घोटाळाच. माझी दोन्ही मुलं पुण्यात. आळीतल्या निम्म्या घरांना कुलूप आहे, गणपतीत आणि शिमग्याला उघडतं. कोकण रेल्वेसाठीही जमिनी गेल्याच की. १९९० ला काम निघालं, २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला आणि आज त्या गाडीने सगळे जातात-येतात. तिच्यावर सिनेमा का नाही सुचवत कुणी?

आबलोलीकर

मधलीआळी, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. दाभोळच्या कामावर आमच्याकडच्याही पोरांना रोजगार मिळाला होता, बाजारात पैसा खेळत होता. पण कोकण रेल्वेचं रोखे उभारणीपासून मार्ग बदलण्यापर्यंतचं सगळं चर्चेत होतं. दाभोळचा वीजखरेदी करार मात्र लोकांना बघायलासुद्धा मिळत नव्हता. परतावा डॉलरशी बांधलेला, इंधनाचा भाव डॉलरशी बांधलेला, आणि वीज उचला न उचला, क्षमतेचा आकार भरायचाच. रुपया घसरला की दर चढणार हे आठवीतल्या पोराला कळलं असतं, कागद समोर असता तर. प्रकल्प हवा की नको हे नंतर बघू. आधी कागद दाखवा, एवढंच तर तपासाचा सिनेमा सांगतो.

मधली_आळी

कागद दाखवा याला माझा विरोध नाही. कधीच नव्हता.

भरतीओहोटी

'डार्क वॉटर्स' (२०१९) दाखवा. हात जोडून विनंती.

आम्ही दाभोळ खाडीकाठचे भोई. वडिलांच्या वेळी एका पागात जेवढी मासळी यायची ती आता दिवसभरात येत नाही. वरून कारखान्यांचं पाणी सोडलं की मासे तरंगतात. आम्ही फोन करतो. संबंधित खात्याचा माणूस नमुना घ्यायला येतो तोवर एक भरती येऊन गेलेली असते. बाटलीत समुद्राचं पाणी जातं आणि अहवाल येतो: प्रमाणात. खाडी दिवसातून दोनदा पुरावा धुऊन टाकते, हे ज्याला माहीत आहे त्याने वेळ निवडून पाणी सोडलेलं असतं.

म्हणून त्या सिनेमातला शेतकरी मला माझ्या घरातला वाटला. अमेरिकेतला वेस्ट व्हर्जिनियाचा विल्बर टेनंट. त्याच्या गाई मरायला लागल्या, कुणी ऐकेना, तेव्हा त्याने स्वतःच व्हिडिओ काढले आणि त्या कॅसेटी घेऊन वकिलाच्या दारात जाऊन उभा राहिला. वकील रॉब बिलॉट. कंपनी ड्यूपाँटने त्याच्याकडे कागदांची खोकीच्या खोकी पाठवली, त्यात तो बुडावा म्हणून. हा गडी ऑफिसात जमिनीवर बसून एकेक कागद तारखेप्रमाणे लावत गेला. त्यातून पाण्यात गेलेलं पीएफओए हे घातक रसायन आणि कंपनीला त्याबद्दल आधीपासून असलेली माहिती बाहेर आली. सत्तर हजारांच्या आसपास लोकांनी रक्त तपासून घेतलं, शास्त्रज्ञांच्या समितीने वर्षानुवर्षं अभ्यास केला, आणि २०१७ मध्ये सदुसष्ट कोटी डॉलरची तडजोड झाली.

हे लांबचं वाटत असेल तर ऐका. त्याच जातीची रसायनं बनवणारी इटलीतली मितेनी कंपनी व्हिचेन्झा भागातलं पाणी दूषित केल्याच्या प्रकरणानंतर २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिची यंत्रसामग्री लिलावात विकली गेली आणि आली कुठे? आपल्या लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत. आता इथे त्यातून काय सुटतं आणि काय नाही, हे तपासल्याशिवाय मी बोलणार नाही. पण तपासा तरी.

सुरंगी

भरतीओहोटी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पाणी तरंगत्या माशांसकट, तारीख-वेळ दिसेल असं मोबाइलवर चित्रित करून ठेवता का? भरती-ओहोटीचं वेळापत्रक छापील मिळतं, ते शेजारी लावलं की नमुना कधी घेतला आणि पाणी कधीचं होतं हे कुणालाही दाखवता येईल.

भरतीओहोटी

हो ताई, आता पोरं करतात. वेळापत्रक जोडायचं मात्र डोक्यात नव्हतं आलं. करतो.

मुंबईचा_चाकरमानी

कागद वाचण्यावरून आठवलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या पर्यावरण अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातले उतारेच्या उतारे उतरवलेले सापडले होते. कोकणातल्या सड्यावर थंड प्रदेशातली झाडं! हे पकडलं कुणी, तर अहवाल नीट वाचणाऱ्या माणसांनी. पटकथेत घातलं तर निर्माता म्हणेल, जरा पटेल असं लिहा.

गजालीकार

आमच्या सड्यार रशियाची झाडा वाढतत तर एक कलम माका पण पाठवा. आंबो धरना नाय यंदा.

कुंडलिनी_नव्हे_कुंडल

कुणी 'शांघाय' (२०१२) कसा घेतला नाही? तपास आहे, उद्योगनगरी आहे, चौकशी आयोगावरचा सनदी अधिकारी आहे. ज्या ग्रीक कादंबरीवरून तो घेतलाय तिच्यावर आधी 'झी' (१९६९) निघाला होता. मूळ घटना खरी: १९६३ मध्ये थेसालोनिकीत खासदार लाम्ब्राकिस यांच्यावर तीनचाकी टेम्पोतून आलेल्यांनी हल्ला केला आणि तो अपघात म्हणून खपवायचा प्रयत्न झाला. तपास करणारे न्यायदंडाधिकारी सार्त्झेताकिस दबावापुढे वाकले नाहीत. पुढे १९८५ मध्ये तेच ग्रीसचे राष्ट्रपती झाले. सुरंगीताई, 'कळल्यावर पुढे काय' याचं हे एक उत्तर आहे.

कातळसडा

'शांघाय' यादीत होता. मीच खाली ठेवला होता, कारण सांगतो.

त्यात बोलणाऱ्या माणसाला गाडीखाली घालतात. ६ फेब्रुवारी २०२३ ला आमच्या राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांना पेट्रोल पंपाजवळ गाडीने उडवलं. रिफायनरीच्या वादाबद्दलची त्यांची बातमी त्याच दिवशी सकाळी छापून आली होती. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात ते गेले. दोष कुणाचा ते न्यायालय ठरवेल. पण त्यांना ओळखणारी माणसं आमच्या सभागृहात बसणार आहेत. त्यांच्यासमोर तो प्रसंग मोठ्या पडद्यावर लावायचा का, याचं उत्तर मला सापडत नाही.

खाजणवाट

लावायचा. माझं मत स्पष्ट आहे. आधी दोन शब्द बोला, वारिशेंचं नाव घ्या, ज्यांना उठून जायचंय त्यांना जाऊ द्या. पण टाळू नका. टाळायला लागलो की वर्ष-दोन वर्षांत नाव पण कुणी घेत नाही.

निळाई

मला उलट वाटतं. पहिल्या वर्षी नको. आधी माणसं जमू देत, बोलायला लागू देत. दुःख ताजं असताना सिनेमाने त्यावर बोट ठेवू नये.

सुरंगी

निळाई, खाजणवाट, दोघांचं ऐकून एक सुचतं. हे इथे ठरवण्यासारखं नाही. कातळसडा, त्या माणसांनाच जाऊन विचारा. ती नको म्हणाली तर विषय संपला.

कातळसडा

बरोबर. विचारतो.

चोपडी_खातं

एक व्यवहाराची गोष्ट, मग मी थांबतो. सिनेमा सभागृहात दाखवायला हक्कधारकांची परवानगी लागते, घरच्या सबस्क्रिप्शनवर जाहीर खेळ करता येत नाही. भ्रष्टाचारावरचा सिनेमा विनापरवाना दाखवू नका, एवढं कराच.

आणि खेळानंतर तासभर ठेवा. एका तासात तीन गोष्टी होतात: सातबारावरचा फेरफार क्रमांक बघून मूळ नोंद कशी काढायची, इंडेक्स टू कसं शोधायचं, माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, पानाला दोन रुपये, उत्तराला तीस दिवस. अर्जात 'का' विचारायचं नाही, 'कोणता कागद' ते विचारायचं. फलाण्या गटाच्या अमुक फेरफाराची आणि त्यासोबतच्या नोटिशींच्या पोचपावतीची प्रत द्या, असं. पोचपावती मागितली की बरंच काही आपोआप उघडं पडतं.

आबलोलीकर

यात जनसुनावणी पण घाला. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तीस दिवस आधी सूचना, अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत आणि सुनावणीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. ते चित्रीकरण मागायला लोक विसरतात. आपण काय बोललो आणि इतिवृत्तात काय उतरलं हे लावून बघणं, हाच एक तपासपट आहे.

मधली_आळी

मी येणार. प्रकल्पाच्या बाजूने बोलणारा एक तरी माणूस सभागृहात हवा ना, नाहीतर चर्चा कसली? आणि 'डार्क वॉटर्स' इंग्रजीत आहे, म्हातारी मंडळी काय करणार?

सुरंगी

दर दोन प्रसंग झाले की थांबवून मराठीत सांगत गेलं तर चालेल. मी शाळेत शिकवायचे, मोठ्याने सांगायची सवय आहे. बोलवा, येते.

कातळसडा

मंडळी, आभार. आत्तापुरतं असं ठरवतो. पहिला 'सिंहासन', कारण भाषा आपली आणि सत्तेची माणसं आधी ओळखीची व्हायला हवीत. दुसरा 'डार्क वॉटर्स', सुरंगीताई सांगणार. त्या दिवशी भरतीओहोटी, तुम्ही खाडीचे व्हिडिओ घेऊन याल का? तिसऱ्याची जागा मोकळी ठेवतोय. वारिशेंना ओळखणाऱ्यांशी बोलून 'शांघाय' ठरेल, नाहीतर 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन'. परवानगीची पत्रं या आठवड्यात पाठवतो. सुरंगीताईंच्या 'कळल्यावर पुढे काय' या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही, ते सभागृहात बसून शोधू.

भरतीओहोटी

येतो. भरतीचं वेळापत्रकही आणतो.

चोपडी_खातं

मी इंडेक्स टू आणि फेरफारांचे नमुने आणतो, नावं झाकून. वीस प्रती पुरतील का?

गजालीकार

चाळीस आण. भज्यांका माणसा येतली सांगितलंय ना.